राहदारीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या वाटा ज्यांनी पायाखाली घातल्या आहेत त्यांस हे सांगावयास नको की, खानदेशचा इतिहास जितका किल्ल्यांचा आणि तख्तांचा आहे तितकाच तो मुक्कामांचा आणि नाक्यांचा आहे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर करीत बऱ्हाणपुरास पोहोचे आणि तेथून हिंदुस्थानात जाई. जहांगीर बादशहाच्या दरबारी निघालेला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तर नवापूरच्या सुवासिक तांदळाची आपल्या प्रवासवृत्तात आवर्जून नोंद केली. या वाटांवर ठिकठिकाणी राहदारी वसूल होत असे, आणि नाका आला की गाडीवानास थांबणे भाग पडे. मालाची मोजदाद होई, दस्तकावरची मोहर पाहिली जाई, आणि हा सारा शिरस्ता पार पडेपर्यंत बैलांना पाणी दाखविले जाई, त्यांच्या खुरांच्या पत्र्या चाचपल्या जात, चाकाच्या आसास वंगण घातले जाई. माल, जनावर आणि गाडी या तिघांची तपासणी होत असे. चौथा जो हाकणारा, त्याच्या देहाची विचारपूस करण्याचे कोणाच्या मनात येत नसे, आणि येण्याचे फारसे कारणही नव्हते, कारण गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल आपली वाट सोडीत नसत.

१८१८ साली हा प्रांत इंग्रजी अंमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले, ते मुख्यतः ते प्रांताच्या मध्यभागी आणि पुण्याहून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर होते म्हणून. पुढे आगगाडी आली, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश होऊन जळगावास स्वतंत्र कलेक्टर कचेरी मिळाली. परंतु धुळ्याचे वाटनाक्याचे महत्त्व आगगाडीनेही कमी झाले नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर-कलकत्ता हे दोन मोठे हमरस्ते, ज्यांना पुढे तीन आणि सहा असे राष्ट्रीय क्रमांक मिळाले, ते धुळ्यातच एकमेकांस छेदून जातात. उत्तरेस शिरपूर ओलांडून पळासनेर आणि सेंधव्याचा घाट, पश्चिमेस कोंडाईबारी, दक्षिणेस लळिंग, आणि पूर्वेस पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा केळीच्या बागांतून जाणारा सपाट रस्ता: मालमोटारींचा धंदा या चौफुलीवर वाढला, यात नवल नाही.

मोटार आली तेव्हा हाकणाऱ्याच्या देहाचा प्रश्न सरकारास प्रथमच पडला. १ जुलै १९३९ पासून अंमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात परवान्यास अपात्र ठरविणाऱ्या व्याधींची यादी होती: अपस्मार, वेड, एकाएकी भोवळ आणणारा हृदयविकार, पंचवीस यार्डांवरून गाडीचा नंबर न वाचता येणारी दृष्टी, इशाऱ्याचा आवाज न ऐकू येणारा बहिरेपणा. त्याच कायद्याने असेही फर्माविले की मालमोटारीच्या चालकाकडून सलग पाच तासांहून अधिक काळ काम घेऊ नये, त्यास निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने हाच दंडक कायम ठेवला. कायदा करणारांना थकवा दिसला, झोप दिसली, झटका दिसला. मधुमेहाचे नाव मात्र त्या यादीत आले नाही, आणि ते न येण्याचे कारण त्या काळच्या वैद्यकीय तपासणीच्या स्वरूपात शोधले पाहिजे, असे मला वाटते.

मधुमेह आपल्या लोकांस अपरिचित नव्हता. प्राचीन वैद्यांनी प्रमेहाच्या प्रकारांत त्याची गणना केली होती आणि मूत्राकडे मुंग्या धावतात ही त्याची खूण घराघरांत ठाऊक होती. या मुंग्यांच्या साक्षीला रसायनशास्त्राचा सोपा आधार मिळाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जेव्हा स्टॅनली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनज्ञाने आपला निळा द्रव सिद्ध केला. सिव्हिल हॉस्पिटलात अथवा एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ज्यांनी ही परीक्षा पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढून ती सहजी हलणार नाही. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर निळा द्रव घ्यावयाचा, त्यात मूत्राचे आठ थेंब सोडावयाचे, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाची, आणि मग रंग पाहावयाचा. निळा राहिला तर साखर नाही; हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत जाऊन विटेसारखा तांबडा झाला तर साखर पुष्कळ. कंपाउंडर तो रंग चिठ्ठीवर अधिक चिन्हांनी मांडी, आणि त्या चिन्हांवरून पथ्य व औषध ठरे.

मधुमेह अंगात साखर वाढवितो एवढीच भीती होती तोवर ही परीक्षा पुरेशी होती. परंतु टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांच्या परिश्रमांनी इन्शुलिन हाती आले, ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास ते टोचण्यात आले, आणि मरणाच्या दारातून माणसे परत येऊ लागली. त्याबरोबरच पूर्वी सहसा न आढळणारे असे एक संकट जन्मास आले: साखर गरजेपेक्षा खाली उतरण्याचे. पुढे पन्नाशीच्या दशकात टॉल्ब्युटामाइडच्या गोळ्या आल्या, त्याच सुमारास, १९५५ साली, डॉ. एस. एस. आजगावकर यांनी मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली, आणि नंतर ग्लिबेनक्लामाइडसारख्या अधिक जोरदार गोळ्याही खेड्यांतल्या दुकानांपर्यंत पोहोचल्या. या वर्गातील गोळ्या आणि इन्शुलिन ही दोन्ही, जेवण चुकले की रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली नेऊ शकतात. सर्वच औषधांचा हा स्वभाव नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा घडत नाही, आणि हा भेद प्रत्येक चालकास त्याच्या डॉक्टरने समजावून दिला पाहिजे.

आता बेनेडिक्टच्या नळीकडे पुन्हा पाहावे. मूत्रात साखर उतरते ती रक्तातील प्रमाण दर शंभर मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यानंतरच. म्हणजे रक्तात १२० असतील तरी नळी निळी, आणि ४० असतील तरी नळी निळीच. ज्या क्षणी स्टिअरिंगवरचे हात थरथरतात, समोरच्या गाडीचे दोन दिवे चार दिसू लागतात, मनुष्य हाकेला भलतेच उत्तर देतो, त्या क्षणीही ही परीक्षा सर्व काही ठीक असल्याची ग्वाही देई. शिवाय ती सांगे ते मागील काही तासांत साचलेल्या मूत्राचे, चालू घटकेचे नव्हेच. डॉक्टरला जे विचारावयाचे होते त्याचे उत्तर या नळीत होते. चालकाला जे विचारावयाचे होते त्याचे नव्हते. इन्शुलिन आल्यापासून जवळजवळ अर्धशतक मधुमेही मनुष्य रस्त्यावर आपल्या शरीराच्या कुजबुजीवर विसंबून राहिला. घाम फुटला, हातपाय गळाले, पोटात खड्डा पडला, की कोटाच्या खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकावयाचा, हीच त्याची तपासणी आणि हाच त्याचा उपचार.

रक्ताची परीक्षा प्रयोगशाळेबाहेर आली ती साठीच्या दशकाच्या मध्यास. डेक्स्ट्रोस्टिक्स नावाच्या कागदी पट्टीवर रक्ताचा ठसठशीत थेंब ठेवावयाचा, एक मिनिट थांबून तो पाण्याने धुवावयाचा आणि रंग ताडून पाहावयाचा. १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र निघाले. ते किलोभराहून जड होते आणि डॉक्टरांसाठीच विकले जाई, इतके की रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन मधुमेही अभियंत्याने ते डॉक्टर असलेल्या आपल्या पत्नीच्या नावे मागविले. ऐंशीच्या दशकात यंत्र तळहाताएवढे झाले, १९८७ मध्ये तर पेनाएवढे. आणि नव्वदीनंतर हळूहळू ते आपल्या जिल्ह्यांच्या औषधदुकानांत काचेच्या कपाटात दिसू लागले. आता पाच सेकंदांत आकडा उमटतो. तो चालू घटकेचा असतो, आणि तो खालच्या बाजूनेही बोलतो: ७० च्या खाली सावध, ५४ च्या खाली गंभीर.

एवढ्याने प्रश्न मिटला असे मात्र नाही, कारण यंत्र समशीतोष्ण देशांत घडले आणि त्यास खानदेशच्या वैशाखात काम करावयाचे होते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो हे सर्वांस विदित आहे. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर मात्र ३० अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते. काचेजवळच्या खणात, देवाच्या तसबिरीखाली, विड्यांच्या बंडलाशेजारी ठेवलेली डबी दुपारपर्यंत निकामी होऊ शकते, आणि निकामी पट्टी गप्प बसत नाही, ती चुकीचा आकडा सांगते. म्हणून जाणते चालक पट्ट्या आणि इन्शुलिन आसनामागच्या सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बरणीत ठेवतात. पट्ट्यांची डबी घट्ट झाकलेली हवी, कारण दमटपणाही त्यांना सोसत नाही. दुसरी गोष्ट घामाची. साखर उतरल्याची सर्वांत ठळक खूण घाम. परंतु मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारी बसलेल्या मनुष्यास घाम आलेला कोणत्या कारणाने, हे त्याने ओळखावे कसे? जुन्या मधुमेह्यांत तर ही खूण पुष्कळदा नाहीशीच होते. या प्रांतात शरीराच्या कुजबुजीवर विसंबणे इतर कोठल्याहीपेक्षा अधिक धोक्याचे आहे, हे माझे ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट हाताची. सावद्याच्या वखारीतून केळी भरून निघालेला चालक वाटेत दोन केळी सोलून खातो, गोड चहाचा ग्लास धरतो, आणि त्याच बोटाला सुई टोचतो. सोललेल्या फळाची साखर बोटाच्या कातडीवर राहते, रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा खोटाच चढवून दाखविते; नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरती निघत नाही, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. उतरलेली साखर अशा रीतीने चढलेली दिसली तर मनुष्य निर्धास्तपणे गाडी पुढे काढील. तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला नीट घेऊन, इंजिन बंद करून, खाली उतरावे. कॅनमधल्या पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत. आणि ज्या बोटांना दोरखंड आणि तिरपाल ओढून घट्टे पडलेले आहेत त्यांच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, तेथे कातडी मऊ असते आणि दुखतेही कमी.

इंग्लंडात या बाबतीत शासनाचा स्पष्ट दंडक आहे: इन्शुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत रक्त तपासावे, वाटेत दर दोन तासांनी पुन्हा तपासावे, आकडा आपल्या मापाने ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे, आणि साखर उतरलीच तर ती पूर्ववत झाल्यानंतरही ४५ मिनिटे चाक हाती धरू नये, कारण रक्त सावरले तरी मेंदू मागाहून सावरतो. साखर उतरली असता तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून पाहावे, आणि मग भाकरी अथवा पोळी खावी. दंडावर चिकटवावयाचे संवेदक आता आले आहेत, पण त्यांचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, आणि तो मोबाइलवर वाचण्यासाठी चालती गाडी हा काही योग्य प्रसंग नव्हे.

आपल्याकडे परवान्याच्या अर्जाचा नमुना विचारतो की, तुम्हांस अपस्मार अथवा कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपण्याचे वा भोवळ येण्याचे झटके येतात काय. चालक ‘नाही’ असे लिहितो. ‘हो’ लिहिले तर पोटावर पाय येईल ही त्याची भीती आहे आणि ती खोटी नाही. तो शुगर मालकापासून लपवितो, सहकाऱ्यांपासून लपवितो, एकादशीला किंवा रोज्याच्या दिवशी गोळी घेऊन उपाशी निघतो, आणि चारचौघांसमोर बोट टोचण्यास लाजतो. २०११ च्या सुमारास झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ८.४ टक्के मधुमेही आढळले होते. चालकांची जात यातून वगळलेली असेल असे मानण्यास जागा नाही.

जकात टप्प्याटप्प्याने उठली, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि ज्या नाक्यांवर मालमोटारी तासन्‌तास रांगेत उभ्या राहत ते ओस पडले. व्यापाराच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. परंतु सक्तीचा थांबा गेला, रस्ता चौपदरी झाला, आणि पळासनेरपासून भुसावळपर्यंत एका दमात जाणे शक्य झाले; म्हणून कायद्यातल्या त्या अर्ध्या तासाची आठवण मालकांना आणि अंमलदारांना करून देण्याची वेळ आली आहे. आज जेथे टोल घेतला जातो तेथे सावलीत एक बाकडे, हात धुण्यास नळ, साबण, आणि वापरलेल्या सुया टाकण्यास झाकणाचा डबा एवढे ठेवावे, आणि तेथे थांबून बोट टोचणाऱ्या चालकास त्याचा परवाना त्यासाठी कोणी काढून घेणार नाही असे मराठीत आणि हिंदीत ठळक अक्षरांनी लिहून लावावे, अशी माझी धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या परिवहन कचेऱ्यांकडे मागणी आहे.