किड्याचा वैरी, माणसाचा जासूद

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. मीही वर्गात तेच शिकवत आलो. पण एकदा मुलांची सहल घेऊन एका रेशीम उत्पादकाच्या शेडवर गेलो आणि निराळाच इतिहास भेटला. काही किडे फुगून पिवळट पडले होते, कातडी फुटून दुधासारखा द्राव गळत होता. आमचे कन्नड शेतकरी मित्र मोडक्या मराठीत म्हणाले, "याला औषध नाही सर. वेचायचं नि पुरायचं."

हा रोग बॅक्युलोव्हायरस कुळातील विषाणूचा. त्याचा एक भाऊबंद पिकांवरील अळ्या मारतो. तो फवारला तर माणसाला बाधेल काय, ही शंका रास्त होती. 1983 मध्ये व्होल्कमन आणि गोल्डस्मिथ यांनी माणूस व इतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या 35 पेशीप्रकारांवर तो तपासला. तो आत शिरला, पण वाढल्याचे कुठेही आढळले नाही. निरुपद्रवीपणाची ही परीक्षाच पुढे उपयोगाची खूण ठरली.

तो शिरतो कसा? गडावर जासूद शिरावा तसा. त्याच्या अंगावरचे 'जीपी 64' हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते. पेशी त्याला पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवीतील आम्लता वाढली की प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचे वेष्टण पिशवीच्या पडद्याशी एकजीव होते आणि आतला गाभा मोकळा होतो. मग ॲक्टिनच्या धाग्यांच्या आधाराने तो केंद्रकाच्या दारी पोचतो.

पण खलिता पोचला म्हणजे वाचला जातोच असे नाही. हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको! किड्याच्या लिपीतला हुकूम माणसाची पेशी सहसा मानत नाही. म्हणून 1995 मध्ये हॉफमन व सहकाऱ्यांनी आणि 1996 मध्ये बॉइस व बुचर यांनी जनुकाच्या आरंभी सस्तन पेशीला कळणारा 'प्रवर्तक' जोडला. यकृताच्या पेशींनी तो हुकूम उत्तम पाळला.

मात्र परीक्षानळीत जमले ते शरीरात तसेच जमेना. रक्तातील 'काँप्लिमेंट' नावाची पहारेकरी प्रथिने या पाहुण्याला वाटेतच निकामी करतात. आणि पहारा चुकवणे हा खेळ नव्हे. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा दुसऱ्या एका विषाणूमार्फत जनुक दिल्यावर चार दिवसांनी दगावला. माझ्या दहावीच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांएवढेच त्याचे वय. विज्ञानाच्या सनावळीत हीही तारीख शिकवली पाहिजे.

याच विषाणूने दुसरीकडे मात्र चाकरी पत्करली. पुण्यात बनलेल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये भारतात आपत्कालीन मंजुरी मिळालेल्या कोव्होव्हॅक्स लसीचे प्रथिन त्याच्याच साहाय्याने पतंगाच्या पेशींत तयार झाले. तिथे विषाणू माणसाच्या पेशीत शिरत नाही, कारखान्यात राबतो.

शेतकऱ्याचा वैरी रुग्णाचा सोबती होऊ शकतो. त्याआधी त्याची नीट ओळख मात्र करून घ्यावी लागते. शेजाऱ्यांचेही तसेच असते.