रात्रीच्या छायाचित्राची साक्ष : ब्रासाईचे पॅरिस

शहराच्या इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्राचा उपयोग करताना ते दिवसा घेतले की रात्री, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारणे किती अगत्याचे आहे, हे सेन नदीकाठच्या पॅरिसच्या उदाहरणावरून दिसून येते.

जुला हालास ऊर्फ ब्रासाई याचा जन्म १८९९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो या गावी झाला. गावाच्या नावावरूनच त्याने आपले टोपणनाव घेतले. १९२४ मध्ये तो पॅरिसला आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस रात्रीचे पूल, घाट व रस्ते टिपू लागला. ‘पारी द न्वी’, म्हणजे ‘रात्रीचे पॅरिस’, हा त्याचा संग्रह पॉल मोरां याच्या प्रस्तावनेसह डिसेंबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याचा कॅमेरा काचेच्या प्लेटांचा होता. तो तिकाटण्यावर ठेवून काही मिनिटे प्रकाश घ्यावा लागे. हा अवधी तो सिगारेटीने मोजी : उजेड बरा असल्यास एक ‘गोल्वाज’, अंधार दाट असल्यास जाडजूड ‘बोयार’. ही हकीकत गमतीची खरी. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने तीतच मुख्य मुद्दा आहे. एक सिगारेट जळेपर्यंत पुलावरून चालत गेलेला माणूस प्लेटवर उमटतच नाही, आणि मोटारींच्या दिव्यांच्या तेवढ्या रेषा उरतात. तेव्हा पाँ नफ (नाव ‘नवा पूल’, परंतु १६०७ मध्ये पुरा झालेला हा शहरातील सर्वांत जुना उभा पूल होय) चित्रात निर्जन दिसतो, म्हणून तो त्या रात्री निर्जन होता असे अनुमान काढता येत नाही.

दिव्यांचीही गोष्ट तशीच. उघडा दिवा प्लेटवर आला, तर त्याभोवती वलय पसरते. म्हणून ब्रासाई तो झाडाआड किंवा खांबाआड ठेवी, आणि धुके वा पाऊस पसंत करी, कारण त्याने उजेड-अंधारातील विरोध सौम्य होतो. माणसे स्पष्ट दिसतात ती बहुधा स्थिर उभी राहिलेली किंवा मॅग्नेशियमच्या झोतात टिपलेली. काही प्रसंगांत तर त्याने आपल्या मित्रांनाच उभे केले होते.

मात्र एमिल रिशार रस्त्यावरील त्याच्या एका चित्रात दिवा विझवणारा कामगार दिसतो. तो छायाचित्रासाठी थांबला असो वा नसो, गॅसचे दिवे हाताने विझवण्याची रीत १९३० नंतरही पॅरिसमध्ये चालू होती, एवढे त्यावरून निर्विवाद ठरते.