चाई, टक्कल आणि खवडा

ठाणें जिल्ह्यांत शहापूर-मुरबाडच्या मुलखांत, शेणव्यासारख्या गांवाच्या शिवारांत, पावसाळ्यांत भातखाचरांच्या बांधांवर माका माजतो. आणि पावसाळा सरल्यावर कुंपणावरील गुंजेच्या शेंगा उकलून लाल अंगाचे, काळ्या डोळ्याचे दाणे दिसूं लागतात. केसांच्या औषधांचा आपल्याकडील इतिहास सांगावयाचा तर तो या दोन वनस्पतींपासून आरंभावा. माक्याचें तेल घरोघर काढीत. गुंज मात्र वैद्यानेंच हाताळावी, कारण ती विषारी. दोहोंचीं कामें निरनिराळीं होतीं. हें आपण विसरलों, आणि बाटलीवर ‘केसांसाठीं’ एवढीं अक्षरें वाचून समाधान मानूं लागलों.

बोलभाषेनें हा भेद जपला आहे. वयाबरोबर कपाळ मागें सरत जातें तें टक्कल. डोक्यावर किंवा दाढींत एकाएकीं पैशाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो ती चाई. खाज सुटून, खपल्या धरून मुलांचे केस झडतात तो खवडा. बाळंतपणानंतर किंवा विषमज्वरानंतर दोन-तीन महिन्यांनीं फणींत पुंजके येऊं लागतात त्यास मात्र स्वतंत्र नांव नाहीं. ‘केस गळतात’ एवढेंच म्हणतात. आणि तें बहुधा आपोआप थांबतें, हें आजीबाईंस ठाऊक असतें.

ग्रंथकारांनींही हाच प्रश्न सोडविण्याचा यत्न केला. सुश्रुताच्या मतें रोमकूपांतील पित्त वाताशीं मिळून केस पाडतें, मग कफ व रक्त त्या कूपांचीं तोंडें बुजवितात, म्हणून नवे केस येत नाहींत. इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या हे शब्द त्यानें एकाच विकारास लाविले. वाग्भट एक पाऊल पुढें गेला. खालित्यांत केस क्रमाक्रमानें जातात, असें सांगून त्यानें तें इंद्रलुप्ताहून वेगळें काढिलें. माधवनिदानावरील ‘मधुकोश’ टीकेंत कार्तिक नांवाच्या आचार्याचें मत दिलें आहे : इंद्रलुप्त दाढीमिशांत, खालित्य मस्तकावर, रुज्या सर्वांगावर. आजचे त्वचारोगतज्ज्ञही चाईचे दाढीपुरती, सर्व डोक्याची आणि सर्वांगाची असे प्रकार मानितात. दोषांची उपपत्ति कोणी मानो वा न मानो, या माणसांची नजर उत्तम होती यांत शंका नाहीं.

इंद्रलुप्तावर सुश्रुताचा उपाय आहे तो असा कीं, जागा टोचून तींतून रक्त काढावें व वर गुंजेचा लेप द्यावा. हें वाचून अंगावर कांटा येतो. परंतु विसाव्या शतकांतल्या डॉक्टरांनींही चाईवर त्वचेस मुद्दाम दाह करणारीं द्रव्यें लाविलीं आहेत. चाईंत शरीराच्या रक्षक पेशीच केसांच्या मुळांवर उलटतात. नव्या दाहानें त्यांचा रोख दुसरीकडे वळत असावा, असा तर्क आहे. मात्र कोणीं घरीं गुंज वाटूं नये. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. चाईचा लहान चट्टा पुष्कळदां कांहीं न करितांही भरून येतो. लसणीपासून अंगाऱ्यापर्यंत अनेक उपायांची कीर्ति त्यावरच उभी आहे.

टकलाची गोष्ट निराळी. षंढांस टक्कल पडत नाहीं, हें ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसच्या नांवावरील सूत्रांत आहे. पण त्याचें कारण १९४२ साली अमेरिकेंत जेम्स हॅमिल्टन यांनीं दाखविलें. पुरुषत्वाचा अंतःस्राव आणि आनुवंशिकता एकत्र आल्यावांचून हें टक्कल पडत नाहीं. रक्तदाबावरील मिनॉक्सिडिल घेणाऱ्यांस अंगभर लव येऊं लागली, तेव्हां तें डोक्यास लावून पाहण्यांत आलें, आणि १९८८ साली अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. फिनास्टेराइडच्या गोळीस १९९७ साली. औषध सोडलें कीं मिळविलेलें कांहीं महिन्यांत जातें. माक्याच्या तेलानें केस मऊ होतात, टक्कल भरत नाहीं. खवडा ही बुरशी. १९५८ पासून ग्रिसिओफुल्व्हिनच्या गोळ्या आल्या आणि तिचा बराचसा धाक गेला.

हें सारें केवळ शोभेचें प्रकरण आहे, असें कोणीं समजूं नये. ज्या समाजांत बाईचें मुंडण म्हणजे वैधव्याची खूण होती, आणि १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांस केशवपन न करण्याचा निश्चय करावा लागला, तेथें मुलीच्या डोक्यावरचे केस जाणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्याच्या शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं लोकांचे केस तीन-चार दिवसांत झडूं लागले. अडीचशेहून अधिक माणसें या तडाख्यांत सांपडलीं. त्यांत शाळा-कॉलेजांतील मुली होत्या. कित्येकांनीं उरलेले केस उतरवून टाकिले, शिक्षण अडलें, ठरत आलेले विवाह खोळंबले. पहिला संशय बुरशीचा, म्हणजे खवड्याचाच, आणि पाण्याचा आला.

विंचूदंशावरील संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं मात्र रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविलें. रोग्यांच्या रक्तांत, मूत्रांत आणि केसांत त्यांस सेलेनियम कित्येक पटींनीं अधिक व जस्त कमी आढळलें. सेलेनियमचा हा खेळ जुनाच आहे. १८५६ साली अमेरिकेंतील फोर्ट रँडल येथें लष्करी घोड्यांची आयाळ व शेपटी झडल्याची नोंद आहे. चीनमध्यें एन्शी भागांत १९६१ ते १९६४ च्या दरम्यान माणसांचे केस आणि नखें गळलीं. पंजाबांत होशियारपूर-नवांशहराकडे अशी जमीन आहे, हेंही पूर्वींच ज्ञात होतें. बावस्करांनीं तपासलेल्या गव्हांत किलोमागें १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालें. तोच गहूं धुऊन पाहिला, तेव्हां १३.६१ उरलें.