शिरेतला उलटा प्रवास

शिश्नाचा कर्करोग म्हटलं की तिथेच उगवलेली गाठ आपल्या डोळ्यांसमोर येते. पण क्वचित तिथल्या गाठीतल्या पेशी मूळच्या तिथल्या नसतातच. त्या बहुतेकदा प्रोस्टेट किंवा मूत्राशयातून, कधी गुदाशयातून आलेल्या असतात. अशी पहिली नोंद १८७० सालची. फिरखोच्या नियतकालिकात ती छापणारा एबर्ट म्हणजे पुढे टायफॉइडचा जीवाणू पाहणारा तोच! त्याच्या रुग्णाची मूळ गाठ गुदाशयात होती.

आता जरा विचार करा. शिश्नातलं रक्त शिरांतून ओटीपोटाकडे, म्हणजे प्रोस्टेट आणि मूत्राशयाभोवतीच्या शिरांच्या जाळ्याकडे जातं. मग तिथल्या पेशी उलट दिशेने इकडे कशा आल्या?

याचा धागा एका वेगळ्याच प्रश्नातून मिळाला. प्रोस्टेटचा कर्करोग फुप्फुसं टाळून थेट पाठीच्या मणक्यांत कसा पोहोचतो, हे फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसनला शोधायचं होतं. त्याने मृतदेहांच्या शिश्नावरच्या शिरेत क्ष-किरणांत दिसणारा द्रव टोचला. द्रव ओटीपोटातून सरळ मणक्यांभोवतीच्या शिरांमध्ये शिरला. १९४० साली त्याने हे छापलं. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त वाट बदलतं, उलटही फिरतं.

म्हणजे रस्ता दुतर्फा आहे! ओटीपोटातल्या मोठ्या गाठीने शिरा दाबल्या, की पेशी त्याच वाटेने खाली शिश्नात उतरू शकतात. हा काही एकमेव मार्ग नाही. धमन्या आणि लसीकावाहिन्या आहेत, शेजारची गाठ थेट पसरणंही आहे. पण उलट्या शिरेचं स्पष्टीकरण मला सगळ्यात पटतं.

तरी एक कोडं उरतंच. शिश्नाच्या स्पंजासारख्या ऊतींत रक्ताची कमी नाही, शेजार असा, तरी नोंदलेले रुग्ण मोजके. नुसता रस्ता असून भागत नाही, बी रुजायला जमीनही लागते, असं स्टीफन पॅजेट १८८९ सालीच स्तनांच्या कर्करोगाबद्दल म्हणाला होता. इथे ते लागू पडत असावं.

रुग्णासाठी मात्र हे कोडं नसतं. कठीण गाठ लागते, लघवी अडते, किंवा इच्छा नसताना दुखरी ताठरता येते आणि ती उतरत नाही. आधीच्या कर्करोगाचे उपचार झालेला माणूस हे संकोचाने सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. तोवर रोग बहुधा इतरत्रही पसरलेला असतो. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की शिश्नात कधीच नसणाऱ्या, आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींसारख्या रचना दिसू शकतात.