स्तनाच्या कर्करोगातील शस्त्रक्रियोत्तर किरणोपचार

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यानंतर स्तन, छातीची भिंत किंवा जवळच्या लसीका ग्रंथी यांवर उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांनी केल्या जाणाऱ्या उपचारास शस्त्रक्रियोत्तर किरणोपचार म्हणतात. मागे राहिलेल्या सूक्ष्म कर्कपेशी नष्ट करणे हा त्याचा उद्देश होय. हा उपचार प्रत्येक रुग्णास आवश्यक नसतो. रोग उलटण्याचा धोका किती आहे व उपचाराने तो किती घटेल, यावर निर्णय अवलंबून असतो.

स्तन राखल्यास

केवळ गाठ व तिच्या भोवतालचा थोडा भाग काढला असल्यास किरणोपचार सामान्यतः दिला जातो. १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार किरणोपचारामुळे १० वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर आले. १५ वर्षांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही सुमारे २५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले.

वयस्कर स्त्रियांतील कमी धोक्याचा रोग हा याला अपवाद ठरू शकतो. प्राइम-२ या चाचणीत ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या, संप्रेरकरोधी औषधे घेणाऱ्या स्त्रियांचा समावेश होता. त्यांची गाठ ३ सेंटिमीटरपर्यंतची व संप्रेरक-संवेदी होती आणि काखेतील ग्रंथी रोगमुक्त होत्या. १० वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण किरणोपचाराविना ९.५ टक्के, तर किरणोपचारासह ०.९ टक्के होते. मात्र आयुर्मानात फरक आढळला नाही. किरणोपचार टाळल्यास संप्रेरकरोधी औषधे नियमित घेणे महत्त्वाचे ठरते.

संपूर्ण स्तन काढल्यास

काखेतील ४ किंवा अधिक ग्रंथींत रोग असल्यास किरणोपचाराची शिफारस केली जाते. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास किंवा काढलेल्या भागाच्या कडेवर कर्कपेशी आढळल्यासही त्याचा विचार होतो. गाठ लहान व ग्रंथी रोगमुक्त असल्यास तो सहसा लागत नाही. १ ते ३ ग्रंथी बाधित असताना मतभेद आहेत. २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात या गटास लाभ दिसला होता. परंतु त्यातील चाचण्या जुन्या होत्या. आधुनिक औषधोपचार घेतलेल्या मध्यम धोक्याच्या रुग्णांवरील सुप्रीमो चाचणीत (२०२५) १० वर्षांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

मात्रा व दुष्परिणाम

३ आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे ही प्रचलित मात्रा आहे. काही रुग्णांना एका आठवड्यात ५ वेळा मिळून २६ ग्रे दिले जातात. त्वचा लाल होणे व थकवा हे सामान्य दुष्परिणाम आहेत. काखेवर उपचार झाल्यास हातास सूज येऊ शकते. डाव्या बाजूच्या उपचारात हृदयास किरणांपासून जपावे लागते. गरोदरपणात हा उपचार सहसा प्रसूतीनंतर केला जातो.