छोट्या इंजिनाची राख

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. 2002 साली ते सुरू झालं. तिथली जुनी इंजिनं पाहून मी सातपुड्यातल्या छोट्या लाईनच्या वाफेच्या इंजिनाचं 1:87 मापाचं मॉडेल केलं. अडीच फुटांचा रूळ या मापात जेमतेम नऊ मिलिमीटरचा होतो. मॉडेल काळंभोर, चकचकीत झालं होतं. नानींनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "याची राख कुठं आहे?"

नाना छोट्या लाईनवर फायरमन होते. प्रश्न चेष्टेचा नव्हता.

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास कंपन्या आणि सालं यांत सांगितला जातो. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून सातपुडा ओलांडून जबलपूरपर्यंत छोटी लाईन गेली. हे सगळं खरं आहे. पण ती गाडी चढावर ओढण्यासाठी भट्टीत बेलच्यानं कोळसा टाकणारा माणूस त्यात दिसत नाही. त्याच्या कामाची खूण म्हणजे राख, आणि तीच आपण आधी पुसतो.

आपला कोळसा गोंडवाना काळातला. नद्यांनी वनस्पतींबरोबर वाहून आणलेली माती त्यात मुरलेली असते, म्हणून राख फार. वेल्सचा नावाजलेला कोळसा कमी राखेचा. आपल्या फायरमनला मात्र तेवढ्याच वाफेसाठी जास्त कोळसा टाकावा लागे आणि जास्त राख उपसावी लागे. राख वितळून जाळीवर खंगर धरला की हवा अडते, वाफ पडते. मग लांब सळईनं तो फोडायचा, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून.

बारीक निखारे हवेच्या ओढीनं नळ्यांतून पुढे जातात. काही धुराड्यातून उडतात. नानांच्या प्रत्येक सदऱ्याला त्यांची भोकं होती. जड निखारे पुढच्या धूरपेटीच्या तळाशी साचतात आणि तिच्या दाराची खालची कड भाजून काढतात.

मी मॉडेल पुन्हा हाती घेतलं. खरा कोळसा फोडून चाळला. दहा सेंटिमीटरचा डला या मापात मिलिमीटरभराचा होतो, पण सगळे सारखे घेतले नाहीत. मोठे ढेकूळ, चुरा, मधे राखाडी दगडाचा एखादा कण. पातळ फेव्हिकॉलनं ते टेंडरमध्ये बसवले. धूरपेटीच्या दाराची खालची कड तपकिरी-करडी केली. चाकांमध्ये, राखपेटीखाली शेगडीतली चाळलेली राख लावली.

रुळांच्या मधल्या खड्ड्यापाशी राखेचा ढीग केला, तेव्हा नानी बोलू लागल्या. अशाच ढिगातून त्या आणि मोहल्ल्यातल्या बायका अर्धवट जळलेले कोळसे वेचून आणत. त्यावर शेगडी पेटे, रोट्या होत. इंजिनानं टाकलेलं आमच्या घरात पुन्हा जळायचं. हे नानांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण घरात ते सांगण्यासारखं कुणाला वाटलंच नाही.

नागपूर–नागभीड छोटी लाईनही 2019 मध्ये बंद झाली. माझं मॉडेल आता कपाटात आहे. हात लावला की बोट काळं होतं. परवा नानींनी ते ओढणीला पुसलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर आहे. पण ढीग अजून मोठा असायचा."