इष्टुर फाकडा

इष्टुर फाकडा या नावाने मराठी मुलखात ओळखला जाणारा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट (मृत्यू : ४ जानेवारी १७७९, कार्ला) हा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मारला गेलेला इंग्रज लष्करी अधिकारी होता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होता. ही फौज इंग्लंडच्या राजाच्या सैन्याहून वेगळी असे.

राघोबादादास पेशवेपदी बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी नोव्हेंबर १७७८ मध्ये पुण्यावर मोहीम काढली. सुमारे ३,९०० सैनिकांच्या या फौजेचा सेनापती कर्नल चार्ल्स एजर्टन होता. स्टुअर्टने आघाडीच्या तुकडीसह पुढे जाऊन बोरघाट ताब्यात घेतला. मुख्य फौज मात्र फार रेंगाळली. ती घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत डिसेंबर सरत आला. या दिरंगाईमुळे मराठ्यांना सैन्य जमवण्यास भरपूर अवधी मिळाला. पुढे कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मराठी सैन्याच्या हालचाली पाहण्यासाठी तो झाडावर चढला असता गोळा लागला, असे परंपरेने सांगतात.

त्यानंतर कंपनीची फौज तळेगावपर्यंतच पोहोचली. ११ जानेवारीच्या रात्री तिने माघार सुरू केली आणि महादजी शिंदे यांच्या सैन्याने तिला वडगाव येथे कोंडले. वडगावच्या तहानुसार १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांना मान्य करावे लागले. पुढे कंपनी सरकारने तो तह नाकारला. या तहात ओलीस राहिलेला लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट ही निराळी व्यक्ती होय.

'इष्टुर' हा 'स्टुअर्ट'चा मराठी उच्चार आहे. 'फाकडा' म्हणजे देखणा, तडफदार, बेधडक शिपाईगडी. मानाजी शिंदे व कोन्हेर त्रिंबक एकबोटे या मराठी सरदारांनाही हेच उपपद लाभले होते. एजर्टन, कार्नाक ही त्या मोहिमेची सूत्रे हाती असलेली माणसे लोकांच्या स्मरणातून गेली. टिकून राहिले ते एका कप्तानाचे नाव, तेही शत्रूने दिलेले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात या नावाची नोंद केली आहे.

स्टुअर्टची समाधी पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ येथील पोलीस ठाण्याच्या आवारात दाखवली जाते. स्थानिक लोक तिची पूजा करतात.